सर्व्हरवाले तात्या

सातारा-सांगली पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पुष्कळ, पण सर्व्हरवाले तात्या हा नग वेगळाच. सकाळी साताऱ्याच्या एमआयडीसीत, दुपारी पेठनाक्यावर चहाला, संध्याकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात. खिशात स्क्रूड्रायव्हर, पेनड्राइव्ह आणि खोडरबर. वाचायचा चष्मा मात्र कायम घरी.

हळदीच्या एका पेढीवर टॉमकॅट ९ काढून १०.१ बसवलं आणि सर्व्हर सुरूच होईना. तात्या आले. आल्या आल्या पहिला प्रश्न, "रात्री लाईट गेलती का?" गेली नव्हती. मग मशीन बंद-चालू. मग रॅम काढून खोडरबरनं घासली. मग "८०८० पोर्टवर दुसरंच कोणतरी बसलंय" असा संशय. तिथंही कुणी नव्हतं. बसायला आधी सर्व्हर उठायला तर हवा!

खरं कारण लॉग फाइलमध्ये पहिल्या मिनिटापासून लिहिलेलं होतं. पण लॉग वाचणं हे तात्यांच्या मते नवशिक्यांचं काम. "अनुभव असल्यावर वाचायला कशाला लागतंय?"

शेवटी पेढीवरच्या पोरानं वाचलं: अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर. टॉमकॅट १०.१ ला निदान जावा ११ लागते आणि मशीनवर होती २०१४ साली आलेली जावा ८. नव्या फायलींवर ५५ चा शिक्का. जुनी जावा ५२ च्या पुढचं ओळखतच नाही.

तात्यांच्या अंगात यार्डातला सौदा संचारला. "५५ मागतोय, आपल्याकडं ५२. तीनासाठी अडून बसलाय व्हय? घे म्हणावं जमवून!"

पोरानं जावा ११ घातली. सर्व्हर तरी ढिम्म. तात्यांचा चेहरा उजळला. "म्हटलं नव्हतं, रॅमच हाय?" पण जावा कुठं ठेवलीय हे सांगणारं जावा-होम अजून जुन्या ८ च्याच फोल्डरकडं बोट दाखवत होतं. पोरानं पत्ता बदलला आणि सर्व्हर उठला.

बिल तात्यांनी केलं: रॅम सफाई, पोर्ट तपासणी, मार्गदर्शन. शेठनी मुकाट पैसे मोजले.

तात्या निघताना पोरगं म्हणालं, "तात्या, टॉमकॅट ११ ला जावा १७ लागते. म्हणजे ६१."

तात्या दारातच थबकले. "एकदम ६१? लय चढलंय की! आत्ता ५५ ला मिटलंय तेवढं राहू दे. भाव उतरला की बघू."