हुतात्मे हयात आहेत

लोंगेवालाच्या लढाईत आपली माणसं फारशी मेली नाहीत, ही ‘बॉर्डर’च्या पटकथेपुढची मोठीच अडचण असणार. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी सव्वाशेच्या आसपास जवान घेऊन लोंगेवालाच्या सीमाठाण्यात होते. समोर दोनेक हजार पाकिस्तानी सैनिक आणि चाळीसेक रणगाडे. ठाणं टिकलं, आपले धारातीर्थी पडले दोघे-तिघे. एवढ्यावर मेजरसाहेबांना महावीरचक्र मिळतं. निर्मात्याचं मात्र दिवाळं निघेल. एवढ्या थोड्या मरणांवर प्रेक्षक तीन तास कसा रडणार?

मग सिनेमाने स्वतःच हुतात्म्यांची भरती काढली. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड १९९७ साली सुनील शेट्टीच्या रूपाने पडद्यावर वीरमरण पावले. खरे राठोड सेनापदक मिळवून घरी परतले होते आणि २०२२ पर्यंत जगले. म्हणजे पाव शतक हा गृहस्थ दर २६ जानेवारीला टीव्हीवर मरायचा, तोही जाहिरातींसकट. घरात सुतक पाळायचं की जिलेबी आणायची, कोण जाणे.

याउलट जे खरंच घडलं, त्यातली गंमत भलतीच आहे. शत्रू ठाण्याजवळ आला आणि एका साध्या काटेरी तारेपुढे थबकला. तार आहे म्हणजे सुरुंग असणारच! सुरुंग हुडकणारी माणसं येईपर्यंत दोनेक तास गेले, आणि शेवटी कळलं की सुरुंग नाहीतच. आमच्या सोसायटीत ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावून कुत्रा न पाळणारी दोन बिऱ्हाडं आहेत. त्यांना हे युद्धशास्त्र चटकन उमगेल.

आपल्या वायुदलाच्या हंटर विमानांना रात्री लढायची सोय नव्हती. ती उजाडल्यावर जैसलमेरहून आली आणि वाळूत अडकलेले रणगाडे एकेक करून टिपू लागली. तोवर ठाण्यातल्यांचं काम एकच, टिकून राहायचं. पण टिकून राहणं कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून पडद्यावरचा मेजर, सनी देओल, ओरडतो, इतका की बिनतारी संदेशयंत्राची गरजच काय, असं वाटावं.

परवा शेजारच्या नानांना हे सगळं सांगितलं. प्रजासत्ताकदिनी झेंडावंदन झालं की ते ठरल्याप्रमाणे ‘बॉर्डर’ बघतात आणि ठरल्याप्रमाणे रडतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला.

“म्हणजे बाकीचे सगळे सुखरूप घरी गेले?”

“हो, नाना.”

“मग मला इतकी वर्षं फुकट रडवलं की रे!” नाना खरोखरच चिडले होते.