हाडवैद्य

तुमच्या ओळखीतही एक असणारच. दिवसा कुठल्याशा पतपेढीत व्हाउचरं तपासणारा आणि रात्री जेवणं उरकली की शिवकालीन फौजेची हाडं बसवणारा. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्याला सगळे हाडवैद्यच म्हणतात. खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलंय.

'माउंट अँड ब्लेड : वॉरबँड' नावाचा एक तुर्की खेळ आहे, २०१० सालचा. अंकाऱ्यातल्या एका नवरा-बायकोने काढलेल्या कंपनीचा. घोडे, तलवारी, वेढे, लूट, सगळं त्यात आहे. शिवाय खेळाचे पडदे काढून आपली माणसं आत घालायची मुभा आहे. या उद्योगाला मोड म्हणतात. "दादा, गड आहे, घोडा आहे, तलवार आहे. फक्त माणसं चुकीची आहेत," असं म्हणून त्याने चिलखतवाले गोरे सरदार काढून मावळे भरायला घेतले.

मावळ्याचा पुतळा दुसऱ्याच कुणीतरी करून दिला होता. पण पुतळा लढत नाही. लढायला आत हाडं लागतात, आणि कातडीवरच्या प्रत्येक बिंदूला सांगावं लागतं की बाबा रे, तू कुठल्या हाडाचं किती ऐकायचंस. अजिबात ऐकायचं नसेल तर निळा रंग, पूर्ण ऐकायचं असेल तर लाल, मधल्यांना हिरवा-पिवळा. हे रिगिंग. ब्लेंडर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो ते करतो, आणि ते फुकट का आहे हे आमच्या वार्षिक सभेत सगळ्यांना ऐकून झालंय. २००२ मध्ये टॉन रोझेंडाल नावाच्या डच माणसाने लोकांकडून एक लाख युरो वर्गणी काढली आणि सॉफ्टवेअर कायमचं मोकळं केलं. "सात आठवड्यांत जमली! आपली लिफ्टची बघा." त्यानंतर खजिनदार त्याच्याशी बोलत नाहीत.

इथवर सगळं सहन होण्यासारखं होतं. मग तो खांद्याला लागला.

कोपर, गुडघा ही साधी बिजागरी. खांदा मात्र अवसानघातकी. पुतळा घडवताना त्याचे हात दोन्ही बाजूंना पसरून ठेवतात, म्हणजे काखेत काम करायला जागा मिळते. पण त्याच मावळ्याने तलवार उगारली की काख आत कोसळते, दंड पिचतो आणि अंगरख्याची बाही बरगडीत घुसते. हाडवैद्याला हे कळलं त्या दिवसापासून त्याला जगात फक्त काखा दिसू लागल्या.

"जरा हात वर करता?"

दूधवाल्याने केला. पिशव्या दुसऱ्या हातात होत्या म्हणून एकच. कुरिअरवाल्याने सहीचं यंत्र पुढे केलं, याने त्याला ते डोक्यावर धरायला लावलं. एका लग्नात अक्षता टाकताना सगळं सभागृह नवरा-नवरीकडे बघत होतं आणि हा माणूस पाहुण्यांकडे तोंड करून उभा. "एवढे हात एकदम कुठे वर होणार, दादा?" लोकलमध्ये तर त्याची दिवाळी. कड्यांना लटकलेला अख्खा डबा म्हणजे फुकटचा अभ्यासवर्ग. ठाण्याला एका गृहस्थाने "काय बघतोस रे?" विचारलं, तर म्हणाला, "तुमचं लाल-निळं फार सुंदर उतरलंय." पुढचे चार दिवस तो बसने गेला.

एका माणसाने मात्र हात वर करायच्या आधी हातातली कात्री खाली ठेवली. आमचा शिंपी. त्याने प्रश्न शांतपणे ऐकून घेतला, एक जुना सदरा उलटा केला आणि काखेत शिवलेला चौकोनी तुकडा दाखवला. "हा घातला नाही तर हात वर केला की सदरा वर येतो किंवा फाटतो. कापड तिथे जास्तीचंच लागतं." हाडवैद्य घरी पळत गेला आणि मावळ्याच्या काखेत जास्तीच्या रेषा घातल्या. काख सावरली. मला वाटलं, सुटलो.

कसलं काय! मग दांडपट्टा आला. पट्ट्याला कोपरापर्यंत लोखंडी खोळ असते, मूठ तिच्या आत, त्यामुळे मनगट वाकतच नाही; पट्टेकऱ्याचा वार खांद्यातून आणि कोपरातून येतो. खेळात मात्र हत्यार टांगायचं ते पंजाच्या हाडाला, आणि तिथली माणसं मनगट झोकात वाकवतात. वार केला की खोळ एकीकडे, हात दुसरीकडे, आणि मधलं मनगट गोळीच्या कागदासारखं पिळवटलेलं. बोटांना तर हाडंच नाहीत. म्हणजे अख्ख्या फौजेत मिशीला पीळ भरणारा एकही माणूस निघणार नाही. या दुःखात त्याने एक रविवार जेवण टाकलं.

मोड काही तो एकटा करत नव्हता. सुरुवातीला चांगला गोतावळा होता. त्यांनी पहिल्या महिन्यात बोधचिन्ह केलं, दुसऱ्यात ट्रेलर केला (त्यात धूर, डफ आणि 'लवकरच'), आणि तिसऱ्यात पागोट्याच्या रंगावरून दोन तट पडले. अंगरख्याचे बंद डावीकडे की उजवीकडे यावर एवढी लढाई झाली की तेवढी खेळात असती तर मोड पूर्ण झाला असता. इतिहासावर बोलायला सगळे होते, काखेत रेषा घालायला हा एकटा. शेवटी एकेकाने काखा वर केल्या, आणि त्या तेवढ्या त्याला बघायला मिळाल्या नाहीत. "यातून पैसे किती मिळतात?" असं कुणी विचारलं की तो काउंटर-स्ट्राइकचं नाव घेतो. तोही १९९९ साली हाफ-लाइफवरचा घरगुती मोडच होता, पुढे व्हॉल्व्ह कंपनीने तो करणाऱ्यांसकट उचलला. याला मात्र आजवर फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीने उचललाय, जिन्यात वायर आडवी टाकली म्हणून.

आता पुढचं लिहिणं माझ्या जिवावर आलंय, पण लिहितो.

आमचा डबा परत द्यायला तो आला होता. आई ओट्यावरच्या फळीवरून रव्याची बरणी काढत होती. हा दारातच थबकला. आता हा बोलणार ते मला पाठ होतं, आणि तो तेच बोलला. आईने हसत हात वर केला. तो हसला नाही.

"काकू, हात वर जातच नाहीये. तुम्ही कंबरेतून कलताय."

मग त्याने मला समजावलं. हात सरळ डोक्यावर जातो तेव्हा साधारण दोन भाग काम खांद्याचा सांधा करतो आणि एक भाग पाठीचं पातं. आईचं पातंच सगळा भार ओढत होतं. डावा खांदा धरला होता, आणि ती ते कुणाला न सांगता शरीर कलवून निभावत होती. डॉक्टरांनीही पुढे हेच सांगितलं, फक्त फी घेऊन. त्या दिवसापासून रव्याची बरणी खालच्या फळीवर आली. तीही त्यानेच उतरवली, न विचारता. व्यायाम चुकवला की तो जिन्यातून ओरडतो. फिजिओथेरपिस्टपेक्षा आई याला जास्त घाबरते.

पण स्वस्थ बसेल तर तो हाडवैद्य कसला! त्याने आईला खेळात घातलं. गडाच्या पायथ्याशी एक म्हातारी आहे. ती घागर उचलते ती खांद्याने नाही, अशी कमरेतून कलून. लॅपटॉप घेऊन तो दाखवायला आला. आईने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "पदर दंडातून आरपार गेलाय रे." तिथेच बसून त्याने पदर सोडवला, दोन थालीपिठं खाल्ली, आणि निघता निघता लढाई सुरू करून दाखवली.

त्या खेळात सगळ्या माणसांचा सांगाडा एकच असतो. मावळा काय, मुघल काय, म्हातारी काय. म्हातारीच्या खांद्यासाठी याने केलेली दुरुस्ती सगळ्यांना लागू झाली होती. बाण सुटले आणि दोन्हीकडच्या एकाही शिपायाला डाव्या हातातली ढाल वर नेता येईना. सगळे कमरेतून एका बाजूला कलले आणि आडवे झाले. आधी हवालदार, मागोमाग सरदार.

तो डोक्याला हात लावून बसला. "काकू, अख्ख्या फौजेचा खांदा धरला."

"मग शेक घ्यायला सांग त्यांना," आई म्हणाली, "आणि ते दोरीचे व्यायाम, सकाळ-संध्याकाळ."