डासपालन : एक बिनभांडवली जोडधंदा

शेतीला जोडधंदा हवा, हे ऐकत आमची पिढी म्हातारी झाली. शेळ्या झाल्या, कोंबड्या झाल्या, शेततळ्यात मासे सोडून झाले, मध्यंतरी काहींनी ईमू पाळून हात पोळून घेतले. या सगळ्याला भांडवल लागते, बँकेत खेटे घालावे लागतात, जामीनदार शोधावा लागतो. सात-बारा न लागणारा, अनुदानाची वाट न पाहणारा आणि हमखास वाढणारा धंदा मला एकच माहीत आहे. लातूर भागातल्या खेड्यांत आरोग्य सेवक म्हणून पंचवीस वर्षे दारोदार फिरताना तो मी घरोघरी भरभराटीला आलेला पाहिला. मालकांना मात्र आपण मालक आहोत याचा पत्ता नसतो. तेव्हा थोडे शास्त्रशुद्ध मार्गदर्शन करावे म्हणतो.

आधी जात निवडावी. गावात विचाराल तर लोक गटाराकडे बोट दाखवतील. तिकडे बघू नये. गटारात वाढतो तो क्यूलेक्स. तो रात्री कानाशी गुणगुणतो, हत्तीरोगाचे बघतो, पण डेंग्यूच्या कामाचा नाही. आपल्याला हवा एडिस इजिप्ती. काळे अंग, त्यावर पांढरे पट्टे, राहणी एकदम टापटीप, पाणी लागते तेही स्वच्छ. ज्या घरात दोन वेळा फरशी पुसली जाते आणि पिण्याच्या पाण्यावर तांब्याचे झाकण असते, त्या घरातही तो सुखाने नांदतो, कारण वापरायच्या पाण्याच्या ड्रमवर बहुतेक काहीच नसते. चावतो दिवसा, तेही घोट्याच्या आसपास, म्हणजे रात्री मच्छरदाणी लावणाऱ्यांनी निराश व्हायचे कारण नाही. चावते फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागते. नर बिचारा फुलांच्या रसावर गुजराण करतो. (ग्रामसभेत हे वाक्य आले की मागच्या रांगेत कोणीतरी हमखास खो-खो हसते आणि माझे पुढचे अर्धे भाषण वाया जाते.)

खाद्याचा खर्च शून्य. रोनाल्ड रॉस या इंग्रज डॉक्टरने १८९७ साली सिकंदराबादेत हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात शोधून काढला, तेव्हा रुग्णाला डास चावून घेण्याबद्दल दर डासामागे एक आणा द्यावा लागत असे. आपल्याकडे सगळे कुटुंब ही सेवा फुकट देते.

आता गोठा. जुने टायर, नारळाच्या करवंट्या, गच्चीवरचे फुटके माठ, कुलरची टाकी, पक्ष्यांसाठी पुण्य म्हणून ठेवलेली थाळी, यांतले काहीही चालते. बाटलीच्या झाकणात साठेल एवढे पाणीही पुरते. बैठकीत शोभेला बाटलीत मनी प्लांट ठेवला असेल तर उत्तमच, त्याचे पाणी वर्षानुवर्षे बदलायचे नसते अशी आपली श्रद्धा आहे. पण खरा, मोठ्या प्रमाणावरचा धंदा करायचा तर दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमाला पर्याय नाही.

ड्रमाबद्दल जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सगळी मेख तिथे आहे. उन्हाच्या दिवसांत अंड्यापासून उडता डास तयार व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आमच्या गावात नळाला पाणी येते आठव्या दिवशी, कधी दहाव्या. एवढा सुरेख मेळ कुठल्या तज्ज्ञाला बसवता आला नसता. पाणी आले की ड्रम काठोकाठ भरायचा, मादी येऊन पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओल्या भिंतीला अंडी चिकटवते, एका खेपेला शंभराच्या आसपास. दोन-तीन दिवसांत आळ्या. पुढे कोष, आकाराने स्वल्पविरामासारखा. मग एक दिवस डास पाण्यावर उभा राहून पंख वाळवतो आणि उडून जातो. तोवर नळ परत येतो. ड्रम तळाला गेलेला असला तरी घाबरू नये, फक्त तो घासू नये. भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी राहून काही महिने तग धरतात आणि पाणी लागले की कामाला लागतात. तेव्हा ड्रम नुसता विसळावा, काथ्याने मुळीच घासू नये, आणि झाकणाऐवजी वर अर्धे फाटके पोते टाकावे.

आमचे खाते या उद्योगावर उठलेले आहे. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून घासून वाळवा, असा आमचा आग्रह. त्याला कोरडा दिवस म्हणतात. चावडीवर हे नाव उच्चारले की बाप्येमाणसे दचकतात आणि दुकान बंद राहणार का, असे हळूच विचारतात. बायाबापड्यांची अडचण वेगळी. एका आजींच्या अंगणात मी ड्रमावर बॅटरीचा झोत टाकला. डोके खाली, शेपटी वर करून लटकलेल्या आळ्या झोत पडताच वळवळत तळाला गेल्या. मी म्हणालो, "आजी, हे सगळं पाणी ओतून टाकावं लागंल." आजींनी आधी ड्रमाकडे आणि मग माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच आळी आहे. "लेकरा, पाणी सांडायला सांगलालास व्हय रे? तुझ्या मायीनं सांडलंय का कधी?"

माझ्या मायीने सांडले नव्हते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले होते, ते ज्यांनी पाहिले त्यांच्यापुढे 'पाणी ओतून द्या' हे वाक्य उच्चारायला छाती लागते, आणि ती कुठल्याच प्रशिक्षणात मिळत नाही. शेवटी मी आणि आजींच्या सुनेने जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून तो ड्रम घागरी-घागरीने गाळला, रिकामा घासला आणि तेच पाणी परत भरले. दीड तास गेला. त्या दिवशी माझ्या तक्त्यावर चाळीसऐवजी अकरा घरे लागली आणि वरच्या साहेबांनी खुलासा मागवला. ड्रमावर फडके घट्ट बांधून घ्यायला आजींनी संमती दिली, पण फडके सुनेच्या साडीचे नको, तिच्या माहेरच्यांना काय वाटेल!

उद्योगाचे शत्रू ओळखून ठेवावेत. पहिला शत्रू आम्ही वाटतो तो गप्पी मासा. नाव ऐकून पोरे त्याच्याशी गप्पा मारायला बसतात, पण ते रॉबर्ट गप्पी नावाच्या त्रिनिदादमधल्या गृहस्थाच्या आडनावावरून पडले आहे. हा मासा आळ्या मटामट खातो आणि पिल्लेही थेट जिवंत देतो. त्याला हौदात टिकू द्यायचे नसेल, तर पुढच्या पाण्याच्या दिवशी हौद ब्लीचिंग पावडरीने भरपूर पांढरा करावा. दुसरा शत्रू ॲबेट. ड्रमात टाकायचे द्रावण घेऊन आम्ही आलो की "वास येतोय, नको" म्हणावे, किंवा घरात कोणी नाही असे घरातूनच ओरडून सांगावे.

धुराचे यंत्र मात्र आपला मित्र आहे. ताप वाढला की पुढारी पहिल्यांदा धुराची मागणी करतात, कारण धूर दिसतो आणि त्याचा फोटोही चांगला येतो. पोरे मागे पळतात, म्हातारी माणसे खोकतात, आणि ज्या घराला खरी गरज असते ते दारे-खिडक्या गच्च लावून घेते. धुराने उडते डास मरतात, तेही सापडले तर. ड्रमातल्या आळ्यांना गावात काय चालले आहे याची वार्ताही नसते. चार दिवसांनी नवी तुकडी बाहेर पडते.

माल तयार झाला, म्हणजे घरात कोणी तापाने फणफणले, की पुढची पथ्ये. रक्त तपासायला जाऊ नये. दुकानातून अंगदुखीची गोळी आणावी, त्यातही ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मिळाली तर बघावी, कारण रक्तस्रावाचा धोका त्यांनीच वाढतो. साधी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, ताक, मीठ-साखरेचे पाणी हे आमचे म्हणणे फार अळणी वाटते. पपईच्या पानांचा रस काढण्यात सगळे घर गुंतवावे, म्हणजे रुग्णाकडे बघायला कोणी उरत नाही. आणि मुख्य म्हणजे ताप उतरला की देवापुढे नारळ फोडून निर्धास्त व्हावे.

हे शेवटचे लिहिताना मला हसू येत नाही. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रक्तातला द्रव शिरांबाहेर झिरपून माणूस खचतो. पोटात सारखे दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, सुस्ती किंवा तगमग, यांतले एक जरी दिसले तरी रात्र न बघता गाडी काढायची. बाहेर नातेवाईक प्लेटलेट्सचा आकडा शेअरबाजारासारखा एकमेकांना फोनवर सांगत असतात, आणि आत डॉक्टर सलाईनचा हिशेब, नाडी नि रक्तदाब बघत असतात. जीव बहुतेक वेळा तिथेच वाचतो. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला म्हणजे सुटलो असे नाही, दुसऱ्या प्रकाराने गाठले तर दुखणे अधिक जड जाण्याची भीती असते.

धंद्याची जागा निवडण्याबद्दल एक राहिलेच. गेल्या पावसाळ्यात नव्या आशाताईंना सर्वेक्षण शिकवायचे होते. लोकांच्या घरी चुका नकोत म्हणून सराव माझ्याच घरी ठेवला. ड्रम झाकलेले, टाकीला जाळी, कुंड्यांखाली बशा नाहीत. मी ऐटीत हाताची घडी घालून उभा. ताई भिंतीशी वाकल्या, फ्रिज पुढे ओढला आणि मागचा ट्रे, ज्यात बर्फ वितळून पाणी साठते, तो बाहेर काढून बॅटरी मारली.

"सर, हे काय आहे?"

ते काय आहे हे मी पंचवीस वर्षे लोकांना दाखवत आलो होतो. आमची ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि काहीच बोलली नाही, ते जास्त लागले. ताईंनी ट्रे उन्हात मातीवर पालथा केला, नीट घासला आणि नियमाप्रमाणे खडू काढून दाराच्या चौकटीशेजारी लिहिले : तपासलेली भांडी १४, दूषित १. पुढच्या फेरीपर्यंत हा आकडा कोणी पुसायचा नाही, असे त्यांना सकाळीच मी बजावून सांगितले होते.