मुद्दलराव

कर्ज ही आपल्याकडे पूर्वी झाकून ठेवायची गोष्ट होती. मुद्दलरावांचं कर्ज मात्र आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही तोंडपाठ होतं. संध्याकाळी ऑफिसातून येताना गेटपाशी थांबून ते त्याला ताजा आकडा ऐकवायचे, आणि तोही बिचारा मान डोलावून "साहब, इस महिने अच्छा गिरा" असं म्हणायचा. त्यांचं खरं नाव नेमप्लेटवर आहे, पण नेमप्लेट वाचतं कोण? आम्ही सगळे मुद्दलरावच म्हणतो, आणि ते ओ देतात.

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षानं जावं इतक्या लांब आणि मुद्दलरावांच्या मते चालत जावं इतक्या जवळ, त्यांचा दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट आहे. जुलै २०१२ मध्ये त्यांनी ३० लाखांचं कर्ज काढलं. साडेदहा टक्के, २० वर्षं, हप्ता २९,९५१. या आकड्यातला निदान अर्धा भाग कर्ज कमी करतो अशी त्यांची भाबडी समजूत होती. पहिलं स्टेटमेंट आलं तेव्हा कळलं की २६,२५० रुपये व्याजातच गेले आणि कर्ज कमी झालं ते ३,७०१ रुपयांनी. सगळे २४० हप्ते मांडून बेरीज केली तर जवळजवळ ७२ लाख. म्हणजे मुद्दल ३० लाखांचं आणि व्याज ४२ लाखांचं. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. काटकसर म्हणून नव्हे. ती सवय तेव्हा अजून लागायची होती.

दुसऱ्या दिवशी कुठूनसं त्यांना कळलं की रिझर्व्ह बँकेनं त्याच वर्षी जूनमध्ये, बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडणाऱ्याकडून बँकेनं दंड घ्यायचा नाही, असा हुकूम काढलाय. झालं! माणसाला आयुष्याचं ध्येय सापडायला कुणाला हिमालयात जावं लागतं, कुणाला परिपत्रक पुरतं.

मग त्यांनी हिशेब मांडला. आज एक रुपया जास्तीचा भरला, तर त्या रुपयावर पुढची २० वर्षं चढणारं चक्रवाढ व्याज वाचतं. साडेदहा टक्क्यांनी तो रुपया होतो आठ रुपये नऊ पैसे. म्हणजे आज खर्च केलेला प्रत्येक रुपया हा खरा आठ रुपयांचा. गणित चोख आहे. मी स्वतः करून पाहिलंय. पण गणित चोख असलं की माणूस सुटतो असं थोडंच आहे! मुद्दलरावांच्या जगात त्या दिवसापासून कुठल्याच वस्तूला छापील किंमत उरली नाही. स्टेशनजवळच्या हॉटेलात सहकुटुंब गेले असताना मुलीनं मसाला डोसा मागितला, तर म्हणाले, "बाळा, हा डोसा चारशे पंच्याऐंशीला पडतो." वेटर गोंधळला. "साहेब, कार्डावर साठच आहे," म्हणाला. त्याला मुद्दलरावांनी तिथेच उभ्याउभ्या चक्रवाढ व्याज शिकवलं. मागे तीन टेबलं खोळंबली होती. शेवटी एक डोसा तिघांत आला आणि सांबार चार वेळा आलं.

गणपतीची वर्गणी घ्यायला पोरं गेली तेव्हा ५०१ रुपये त्यांनी एका शब्दानं काढून दिले. फक्त पावतीपुस्तक ओढून घेतलं आणि म्हणाले, "फलकावर चार हजार आठ लिहा." का, तर मंडळाला ५०१ मिळाले असतील, त्यांचे मात्र ४,००८ गेले होते. पोरांनी लिहिलं नाही. पुढे दोन वर्षं ते आरतीला मागे उभे राहत.

आता त्यांना कंजूष म्हणाल तर ते चूक आहे. कंजूष माणसाकडे निदान पैसे असतात. मुद्दलरावांकडे महिन्याच्या पाच तारखेनंतर दमडी नसायची. हातात आलेला प्रत्येक जास्तीचा रुपया ते बँकेत नेऊन टाकत, आणि वर पावती मागत. दिवाळीचा बोनस तर ठरलेलाच. लोक धनत्रयोदशीला गुंजभर सोनं घेतात. हे त्या दिवशी अर्धी रजा टाकून एक अख्खा तेरावा हप्ता भरून येत आणि ती पावती वहिनींना पूजेत ठेवायला लावत. वहिनी तिला हळदकुंकू वाहायच्या. कागदाला डाग पडला म्हणून ते चिडायचे.

घरातली काटकसर काय वर्णावी! सिलेंडर लावला की त्यावर मार्करनं तारीख पडायची. विक्रम ६१ दिवसांचा होता, पण त्या मे महिन्यात वहिनी आणि मुलगी माहेरी होत्या, त्यामुळे वहिनी तो ग्राह्य धरत नाहीत. भाजी रात्री नवानंतर, स्टेशनबाहेरच्या विक्रेत्या टोपल्या आवरायला लागल्या की. उरलेले दोन वाटे एकात. त्यामुळे त्यांच्या घरी काय भाजी आहे हे सकाळी कुणालाच माहीत नसे. पगार चांगला असून पास सेकंड क्लासचाच. त्यावर त्यांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. "सकाळच्या लोकलला डोंबिवलीहून दादरपर्यंत उभंच राहायचंय ना? मग उभं राहायला जास्तीचे पैसे कशाला?"

पण मुद्दलराव खरे पाहावेत ते रविवारी संध्याकाळी. कपाटाच्या दाराला आतून त्यांनी कर्जफेडीचा तक्ता चिकटवला होता. २४० ओळी, बारीक टाइपात. दार उघडलं की एका बाजूला वहिनींच्या साड्या आणि दुसऱ्या बाजूला जुलै २०३२ पर्यंतचं आयुष्य. चहा झाला की ते पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन जमिनीवर मांडी ठोकत, कारण खोडायच्या ओळी अगदी तळाशी असत. "वरून एक ओळ सगळेच खोडतात," ते मला सांगत, "त्यात काय पुरुषार्थ? खालून खोडली पाहिजे." जास्तीचं मुद्दल भरलं की शेवटचे हप्ते गळतात, म्हणून रेघ खालून वर. पट्टी लावायची, जीभ दातांत धरायची, सावकाश रेघ ओढायची, आणि मग पेन्सिलीचा भुगा फुंकून टाकायचा. २०३२ साल त्यांनी असं केव्हाच संपवून टाकलं होतं. बँकेत नवा कारकून "मुदत कमी करू की हप्ता?" असं विचारायचा, तेव्हा "मुदत!" हे उत्तर काउंटरच्या पलीकडे लॉकरपर्यंत ऐकू जाई.

या रणगर्जनेत दोन माणसं व्यत्यय आणत. एक त्यांचा सीए. तो म्हणे, अहो, व्याजावर दोन लाखांपर्यंत करात सूट मिळते, फेडताय कशाला घाईनं? त्यावर मुद्दलराव म्हणत, "सवलत आहे म्हणून ऑपरेशन करून घ्यायचं का?" पुढे नवी करप्रणाली आली, तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची सूटच नाही, तेव्हा ते खास रजा घेऊन सीएकडे पेढे द्यायला गेले होते. पाव किलो.

दुसरा माणूस जास्त धोक्याचा. कोथरूडचा मेहुणा. तो दर भाऊबीजेला यायचा आणि ओवाळून झालं की सुरू व्हायचा. "दाजी, आठ-नऊ टक्क्यांचं कर्ज फेडण्यात काय राम आहे? तेच पैसे एसआयपीत टाका. लांब पल्ल्यात बारा टक्के कुठे गेले नाहीत." मुद्दलराव शांतपणे विचारत, "बारा टक्के लिहून देतोस?" मेहुणा लिहून देत नसे. "माझी बँक लिहून देते," असं म्हणून ते कपाटाचं दार उघडत. मेहुण्याला साड्या तेवढ्या दिसत.

या सगळ्यात वहिनींचं काय झालं असेल अशी तुम्हाला काळजी वाटत असेल, तर ती सोडा. गणितात वहिनी नवऱ्याच्या पुढे होत्या. पहिल्याच वर्षी त्यांनी ओळखलं की हा जो आठाचा आकडा आहे तो काही कायमचा नाही. मुदत घटेल तसा तोही उतरणार. तेव्हा भांडायचं कशाला? त्यांनी पाककृतींच्या वहीच्या मागच्या पानावर यादी केली: मिक्सर, पाचला. सोफा, अडीचला. माथेरान, दोनला. एसी, सव्वाला. आणि मग दर महिन्याला, तापलेल्या पोराचा ताप विचारावा तशा सुरात त्या विचारायच्या, "अहो, आज किती आहे?"

२०१६ साली तो पावणेतीनवर आला. मिक्सर केव्हाच आलेला होता. सोफ्याचं कापड बघायला वहिनींनी सुरुवात केली. पुढे सोफा आला, माथेरान झालं. माथेरानला घोडा मात्र घेतला नाही. दस्तुरी नाक्यापासून बॅगा डोक्यावर. २०२२ च्या एप्रिलमध्ये आकडा एक पॉइंट बत्तीस होता. एसी हाकेच्या अंतरावर. वहिनींनी भिंत निवडली, मुलीनं मॉडेल निवडलं, आणि डोंबिवलीतला मे महिना म्हणजे काय हे मी सांगायला नको.

४ मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं, बैठकीची ठरलेली तारीख नसताना, रेपो दर ४ वरून ४.४० केला. तो वाढतच गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर जाऊन थांबला. त्यांचं कर्ज रेपोला जोडलेलं. हप्ता तोच राहिला, मुदत लांबली. म्हणजे मुद्दलरावांनी स्वहस्ते खोडलेल्या ओळींतल्या तीन ओळी बँकेनं पुन्हा जिवंत केल्या. त्या रविवारी मी तिथे होतो. लाल पेन्सिल रबरानं नीट जात नाही. ते घासत होते, कागद फाटायला आला होता, आणि वहिनी मागे पदरानं वारा घेत उभ्या होत्या. "किती झालं?" त्यांनी विचारलं. "एक पॉइंट छत्तीस." उतरायचा सोडून आकडा चढला होता! "भाऊजी," वहिनी मला म्हणाल्या, "त्या रिझर्व्ह बँकेत एसी असेल ना हो?"

पुढे २०२४ मध्ये आकडा एकाला इतका खेटला की त्यात काही दम राहिला नाही. हजाराची वस्तू फार तर हजार पन्नासला. तेव्हा मुद्दलरावांनी गणित बाजूला ठेवलं आणि तमाम मराठी नवऱ्यांच्या भात्यातला शेवटचा बाण काढला: "एवढं थांबलो, आता थोडक्यासाठी कशाला?"

जानेवारी २०२५ मध्ये कर्ज संपलं. साडेसात वर्षं आधी. पेढे अर्धा किलो. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर पाव टक्क्यानं खाली आणला, जवळजवळ पाच वर्षांनी पहिल्यांदा. दुसरा कुणी हळहळला असता. मुद्दलराव म्हणाले, "बघा, मी सुटल्यावर भानावर आले."

आता राहिली होती कागदपत्रं. आणि इथे त्यांच्या मनात पाप आलं. नियम असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेनं घराची मूळ कागदपत्रं परत करायची. चूक बँकेची असेल आणि उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू. तेरा वर्षांत बँकेनं आपल्याला काही देण्याची ही एकमेव संधी, हे त्यांनी ओळखलं. एरवी दर आठवड्याला बँकेत जाणारा हा माणूस एकदम गायब झाला. फोन करेना, आठवण देईना. बँकवाले विसरावेत म्हणून त्या रस्त्यानं जाईना. दहा दिवस उशीर झाला तर ५०,००० आणि महिना झाला तर दीड लाख, असं ते जिन्यात मला हळूच सांगायचे.

बाविसाव्या दिवशी बँकेचा फोन आला. कागद तयार आहेत, घेऊन जा. सगळं जागच्या जागी होतं: करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बोजा उतरवल्याचं पत्र. त्यांनी प्रत्येक पान मोजलं. एखादं कमी निघेल अशी आशा होती. नाही निघालं. वर मॅनेजरनं हात मिळवून टॉप-अप लोन देऊ केलं.

त्यानंतर काही आठवडे ते भरकटल्यासारखे वागले. एकदा तर रिक्षातून उतरताना दिसले. हॉटेलात गेले तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र डोसा आला, आणि बिल वाचून ते काही बोलले नाहीत, असं मुलगी शपथेवर सांगते. गुणायला काही राहिलंच नव्हतं. कपाटाचं दार कोरं झालं होतं. वहिनींनी तिथे आरसा लावून घेतला.

भाऊबीजेला मेहुणा आला. ओवाळून झालं. आता दाजींच्या तोंडी "बँक लिहून देते" नव्हतं, आणि हप्त्याचे पैसे दर महिन्याला खात्यात नुसते बसून होते. मेहुण्यानं लॅपटॉप उघडला. हजार रुपये, बारा टक्के, २० वर्षं. मुद्दलराव पुढे सरकले. चष्मा लावला. मग त्यांच्या चेहऱ्यावर, आम्ही सगळे ओळखतो तो, २०१२ सालचा उजेड पसरला.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "खरा आकडा दहा पॉइंट एकोणनव्वद आहे. आपण उगाच आठाला घाबरत होतो!"

वहिनी बाहेर आल्या नाहीत. भाऊबीजेचं ताट तसंच ठेवून त्यांनी पाककृतींची वही बंद केली, मुलीला बरोबर घेतलं आणि तासाभरात स्टेशनजवळच्या दुकानातून दीड टनाचा एसी बुक करून आल्या. पैसे? ओवाळणीचे तेवढे रोख. बाकीचे बारा हप्त्यांत, बिनव्याजी, मुद्दलरावांच्या कार्डावर.

तो एसी बसून आता आठवडा झाला. मुद्दलराव दुकानात गेले आहेत. हप्ते आधी फेडता येतात का विचारायला.