सव्वातीन फुटांचा रसिक

घरात स्टुडिओ थाटलेला माणूस ओळखायचा तर त्याच्या कीबोर्डकडे बघू नये. खिशात मोजपट्टी आहे का, ते बघावं. डाव्या स्पीकरपासून उजव्यापर्यंत सव्वातीन फूट आणि दोन्हींपासून डोक्यापर्यंतही तेवढंच. शाळेत भूमितीनं ज्याला रडवलं, तोच आता बेडरूममध्ये दोरी ताणून समभुज त्रिकोण आखतो.

खुर्चीच्या चाकांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा असतात. केर काढताना बायकोनं खुर्ची चार बोटं डावीकडे सरकवली, की संध्याकाळी ऐन मधोमध उभी असलेली गायिकाही डावीकडे सरकते.

"अरे, चार बोटांनी काय होतंय?"

होतं. जवळच्या स्पीकरचा आवाज मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्शानं आधी पोचतो आणि कान त्या बाजूला ओढला जातो. हे तो इतक्या तळमळीनं सांगतो, की बायको पुढच्या वेळी खुर्चीखालचा केर तसाच ठेवते.

एवढ्या जवळ बसायचं कशाला, हा प्रश्न त्याला फार आवडतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं, की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. खोलीत थेट येणारा आवाज तसाच उतरतो, पण भिंतींवरून आणि छतावरून परतणारा साधारण तेवढाच राहतो. म्हणजे मागे सरकत जावं, तसं गाणं कमी आणि खोली जास्त ऐकू येते. बरं, फार जवळ गेलं तरी पंचाईत: वूफर आणि ट्वीटर एकमेकांत मिसळत नाहीत, वेगवेगळे ऐकू येतात. हे त्यानं स्पीकरला नाक लावून तपासलेलं आहे.

त्याचं दैवत म्हणजे यामाहाचा एनएस-10. पांढऱ्या वूफरचा हा स्पीकर 1978 मध्ये घरगुती संगीतासाठी निघाला आणि बघता बघता जगभरच्या स्टुडिओंत मिक्सरच्या माथ्यावर जाऊन बसला. त्याचा वरचा सूर इतका बोचरा, की इंजिनिअर ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवत. 2001 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आपल्या रसिकाकडे तो नाही, तरी घरातले टिश्यू पेपर संपतात.

कपाटाचं प्रकरण जरा गंभीर आहे. स्पीकर मागच्या भिंतीपासून एक मीटरवर ठेवला, तर 86 हर्ट्झच्या आसपासचा बेस भिंतीवर आपटून, दोन मीटरांची फेरी मारून, अर्धी लाट उशिरा परततो आणि समोरून निघालेल्या बेसलाच खाऊन टाकतो. उपाय म्हणून स्पीकर भिंतीला चिकटवायचे; मग बेस फुगतो, तो स्पीकरच्या पाठीवरच्या बटणानं उतरवायचा. भिंतीला मात्र आधीपासून लग्नातलं कपाट चिकटलेलं होतं. ते आता पॅसेजमध्ये आहे आणि घरातले सगळे आडवे होऊन बाथरूमला जातात.

पलंगही हलला. दहा फूट लांबीच्या खोलीत बरोबर मध्यावर 56 हर्ट्झच्या आसपासचा बेस जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून समोरच्या भिंतीपासून 38 टक्क्यांवर बसायचं, असा या लोकांचा ठोकताळा. खुर्ची तिथे आली आणि पलंग मागच्या भिंतीला गेला.

नवं गाणं ऐकायला पाहुणे बोलावले, की ऐकण्याजोगी जागा एकच असल्यानं खुर्चीसाठी नंबर लागतात. परवा सासरे आले. गुडघ्यांमुळे नंबर सोडून ते पलंगावर भिंतीला टेकून बसले, आणि बेस सर्वांत जास्त साचतो तो नेमका तिथेच.

"जावईबापू, इथून काय दणदणीत वाजतंय हो! आजवरचं तुमचं सगळ्यात भारी गाणं!"

जावयानं गाणं थांबवलं, सासऱ्यांच्या कानापासून भिंतीपर्यंत मोजपट्टी लावली आणि आकडा वहीत टिपला.

"चार इंच. बाबा, जरा पुढे सरका."