तळहाताचे सरकारी वाचन

हस्तसामुद्रिकाला थोतांड म्हणणाऱ्यांची कीव करावीशी वाटते. कीरो नावाच्या आयरिश गृहस्थाने ही विद्या आपण कोकणातल्या जोशांकडे शिकलो असे सांगितले आणि लंडन-न्यूयॉर्कच्या बड्या धेंडांना हात पसरायला लावले. कोकणातून काही नुसता हापूसच परदेशी जात नाही.

तरी विद्येला खरा राजाश्रय दिला तो साहेबाने. १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेलने एका कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची स्वतंत्र कचेरीच निघाली.

त्या परंपरेचा कळस आज रेशनच्या दुकानात पाहावा. फुटपाथवरचा ज्योतिषी भिंग लावून अर्धा तास आयुष्यरेषा चाचपतो आणि वर शनीची शांत सांगतो. इथले यंत्र क्षणात निकाल देते, दक्षिणाही मागत नाही. विटा वाहून, भांडी घासून बोटे गुळगुळीत झालेली बाई अंगठा टेकवते. लाल दिवा लागतो.

"मावशी, हात पुसून परत ठेवा."

मावशी पदराला अंगठा पुसतात, पुन्हा टेकवतात. पुन्हा लाल. म्हणजे या महिन्यात धान्ययोग नाही.

कीरोची भाकिते अधूनमधून चुकत. हे एकदाही चुकलेले नाही.