नंबर लागेपर्यंत

दोन मुलं पुरेत, असं आमच्या तरुणपणी सरकार भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवून सांगत असे. आम्ही ते निमूट ऐकलं. पण त्या आज्ञाधारकपणाबद्दल उतारवयात शाबासकी मिळेल, आणि तीही ऑस्ट्रेलियाच्या सरकारकडून, हे त्या भिंती रंगवणाऱ्याच्याही स्वप्नात आलं नसेल.

त्याचं असं आहे. आमची मुलगी मेलबर्नला आणि मुलगा पुण्यात. आई-बापांना तिकडे कायमचं राहायला जायचं तर आधी एका कसोटीला उतरावं लागतं. तुमच्या मुलांपैकी निम्मी तरी ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली हवीत. निम्मी नसतील, तर इतर कुठल्याही एका देशात जितकी आहेत त्याहून जास्त तिथे हवीत. आमची दोनांतली एक तिथे, म्हणजे आम्ही काठावर पास. माझ्या थोरल्या जाऊबाईंना तीन मुलं: एक सिडनीत, एक अमेरिकेत, धाकटी मिरजेत. निम्मीही नाहीत आणि जास्तही नाहीत. जाऊबाई नापास. "तिघांना वाढवताना हाडांची काडं केली आणि आता म्हणे मार्क कमी पडले," असं त्या येईल त्याला सांगतात. लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक गोष्टीत त्या माझ्या दोन पावलं पुढे. या एकाच बाबतीत मी पुढे आहे, पण बोलून दाखवत नाही. म्हणजे, सारखं सारखं नाही.

पास झालो म्हणजे व्हिसा मिळाला असं समजू नका. पास झाल्यावर रांगेत उभं राहायची परवानगी मिळते. रांगा दोन. पहिलीत पैसे कमी, पण नंबर लागायला तीस वर्षांच्या वर. म्हणजे हे नव्वदी ओलांडून विमानतळावर पोचणार. दुसरी रांग पैसेवाल्यांची. तिचं नाव १४३. त्यात माणशी ४३,६०० डॉलर, दोघांचे ८७,२००. रुपयांत मांडलं तर अर्ध्या कोटीच्या आसपास जातं. अर्ज करताना थोडे भरायचे आणि हे मोठे नंबर लागल्यावर. आकडा ऐकून ह्यांनी आधी पाणी मागितलं आणि मग विचारलं, "एवढे पैसे भरून आपण करणार काय? राहायचं तर मुलीकडेच ना?" पूर्वी मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत, ते काही उगाच नाही.

त्यातून आम्ही दहा वर्षं सरकारी भत्त्यासाठी हात पसरणार नाही, याची हमी कुणीतरी घ्यायची आणि वर अनामत ठेवायची. जावई तयार आहे. वाट्टेल ते कर पण कुणाला जामीन राहू नकोस, असं आमच्याकडे मिसरूड फुटायच्या आधी शिकवतात. सासऱ्याला जामीन राहणारा जावई मी तरी पहिल्यांदाच बघतेय. तेव्हापासून हे त्याच्याशी फोनवर बोलताना उठून उभे राहतात.

२०१९ साली आम्ही अर्ज केला. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर ह्यांना काहीतरी विरंगुळा हवा, अशी काळजी मला होती. ती ऑस्ट्रेलियानं मिटवली. हिरव्या फाइली, लाल फीत, पंचिंग मशीन, पानापानावर क्रमांक, वर अनुक्रमणिका. जेवायला हाक मारली तर "प्रकरण निकाली काढून येतो" असं उत्तर यायचं.

पण आपली आयुष्यं त्या अर्जात मावत नाहीत हो! त्यांना नवरा-बायकोची सगळी भावंडं, हयात असोत की नसोत, जन्मतारखेसकट हवी होती. ह्यांचं गाव तासगाव तालुक्यात. भावंडं पाच. पाचांची जन्मतारीख १ जून. साल तेवढं वेगळं. मेलबर्नच्या एजंटानं घाबरून फोन केला, "सर, टायपिंग मिस्टेक आहे का?" ह्यांनी त्याला समजावलं, की जूनमध्ये शाळा सुरू व्हायची. बाप पोराला धरून आणायचा. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, आणि तारीख १ जून. एजंट बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे सगळं लिहून द्या." ह्यांनी इंग्रजीत दीड पानाचा खुलासा लिहिला. डोक्यावरून हात कसा न्यायचा याची आकृती काढत होते, तेवढी मी काढू दिली नाही.

माझं प्रकरण त्याहून अवघड. माहेरची मी कुसुम. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वैशाली' लिहिलं आणि मी वैशाली झाले. मॅट्रिकचं सर्टिफिकेट कुसुमचं, पासपोर्ट वैशालीचा. मग तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिस्टाकडून स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं, की कुसुम आणि वैशाली या दोन बायका नसून एकच आहेत. खाली सही करताना हे म्हणाले, "मला अधूनमधून शंका यायची."

ह्यांनाही लवकरच उत्तर मिळालं. आमचं लग्न १९८३ सालचं, नोंदवायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता दाखला हवा. दाखल्याला लग्नपत्रिका हवी आणि तीन साक्षीदार हवेत. पत्रिका जाऊबाईंच्या ट्रंकेत निघाली. लग्न लावणारे गुरुजी वारले होते. साक्षीदार म्हणून ह्यांचे दोन मित्र आणि माझा मामेभाऊ आला. खिडकीवरच्या पोरीनं विचारलं, "वधू-वर कुठायत?" आम्ही दोघं पुढे झालो. तिनं एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे, आणि अगदी मायेनं म्हणाली, "आजी, नीट विचार केलाय ना?" मी म्हटलं, "अजून वेळ आहे का?"

सगळं जमवून गठ्ठा तयार झाला. हे अर्ज पर्थला जातात आणि तेव्हा ते कागदावरच पाठवायचे होते. कुरियरच्या पोरानं गठ्ठा काट्यावर ठेवला, वजन घेतलं आणि विचारलं, "काका, आतल्या मालाची किंमत काय टाकू?" जन्म, शाळा, लग्न, नोकरी, पोरंबाळं, घर, पेन्शन, सगळं त्या गठ्ठ्यात होतं. ह्यांनी चष्मा पुसला, विचार केला आणि सांगितलं, "शून्य टाक. कस्टमवाले उघडत नाहीत."

पुढे पर्थहून पोच आली आणि रांगेतली आमची तारीख कळली. त्या वेळी चारेक वर्षांची भाषा होती. आता नव्यानं येणाऱ्यांना १४३च्या रांगेतही बारा वर्षांच्या वर सांगतात. सरकारी संकेतस्थळावर कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांना आत घेतलं ते लिहिलेलं असतं. हे रोज सकाळी चहाआधी ती तारीख बघतात. ती महिनोन्महिने जागची हलत नाही. एकदा हलली, तर ह्यांनी सोसायटीत पेढे वाटले. तेव्हापासून जिन्यात भेटेल तो विचारतो, "काय काकू, अजून इथंच?"

२०२३ साली तिथल्या सरकारनंच नेमलेल्या समितीनं अहवालात लिहिलं, की बहुधा कधीच न मिळणाऱ्या व्हिसासाठी लोकांना अर्ज करू देणं क्रूर आहे आणि त्याची गरजही नाही. मला बरं वाटलं. आपल्याकडे असं कोण लेखी देतं? पण त्या वर्षी आई-बापांसाठी जागा होत्या साडेआठ हजार आणि रांगेत माणसं लाखाच्या वर. ह्यांनी कॅल्क्युलेटर घेऊन भागाकार केला, उत्तर बघितलं आणि कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

मधल्या काळात भेटायला म्हणून जाता येतं, ते आम्ही जातो. अठरा महिन्यांत बारा महिन्यांहून जास्त राहायचं नाही एवढंच. मुलगी मेलबर्नच्या टार्नीट भागात राहते. तिथे संध्याकाळी फिरायला बाहेर पडलं की दर चार घरांमागे एक आजोबा बाबागाडी ढकलताना दिसतात. पंजाबी आजोबा, तेलुगू आजोबा, आमचे हे. सगळे पर्यटक. कुणी मेलबर्न पाहिलेलं नाही. पाळणाघराची फी काय आहे हे मात्र सगळ्यांना डॉलरमध्ये पाठ. बाकावर बसले की कुणाची तारीख कुठवर आली याचीच चर्चा, आणि ती चर्चा प्रत्येक जण आपापल्या हिंदीत करतो.

आणखी एक सोय निघाली २०१९ साली. त्यात तीन किंवा पाच वर्षं तात्पुरतं राहता येतं, पुन्हा अर्ज करून एकूण दहापर्यंत नेता येतं. मी म्हटलं, हे घेऊ की! लेकीचा चेहरा उतरला. त्यात एक मेख आहे: एका घरानं एका वेळी दोनच आई-बाप बोलवायचे. आई-बाप तर चार आहेत. आमचे व्याही इचलकरंजीचे, अतिशय सज्जन. त्यांनी फोन करून सांगितलं, "तुम्ही आधी जा, मुलीचे आई-बाप तुम्ही." ह्यांनी सांगितलं, "छे छे, मुलाचे आई-बाप तुम्ही, मान तुमचा." लग्नात मानपानावरून जेवढा वेळ गेला नव्हता तेवढा यात गेला, आणि शेवटी कुणीच गेलं नाही. विहीणबाई अलीकडे मला दोन साड्या जास्त पाठवतात. मीही दिवाळीच्या डब्यात चकल्या वाढवल्यात. काय सांगावं, उद्या कुणाला कुणाची दया येईल!

खरी मेख मात्र तब्येतीची. कागद आधी घेतले. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी नंबर लागल्यावर. चारित्र्याची मला काळजी नाही. या वयात ते बिघडवायचं म्हटलं तरी ताकद हवी. पण एवढी वर्षं रांगेत उभं करून शेवटी म्हणायचं, आता धडधाकट आहात ना ते दाखवा! म्हातारं व्हायचं, पण आजारी पडायचं नाही. हे रोज तासभर चालतात आणि मेथीचं पाणी पितात. माझ्या आवडीचं दही-धपाटं आलं की म्हणतात, "मेडिकल आहे." कधी आहे? ते पर्थला माहीत.

दातांचं तर विचारूच नका. मुलगी बजावते, "आई, दात तिकडूनच करून या. इथे ते स्वतःच्या खिशातून करावे लागतात, फार महाग." म्हणजे दात इथे करायचे. पण कधी? आत्ता केले तर व्हिसा येईपर्यंत झिजणार. थांबावं तर तोवर चावायचं कशानं? दाताचा डॉक्टर म्हणाला, "तारीख सांगा, त्याच्या आदल्या आठवड्यात बसवून देतो."

घरातल्या सगळ्याच गोष्टी अशा लोंबकळत राहिल्या. रंग कशाला द्यायचा, जायचंच आहे. गाद्या कशाला पिंजायच्या, जायचंच आहे. फ्रीज तर कधीचा घरघरतो. त्याचं दार लागत नाही म्हणून ह्यांनी त्याला परकराची नाडी बांधली आहे. कोथिंबीर हवी असली तर आधी गाठ सोडायची. नवा घ्यायचा विषय काढला की, "आता कशाला? व्हिसा आला की कुणाला तरी देऊनच टाकायचा ना!" फ्रीज द्यायचा म्हणून घ्यायचा नाही, हा पाटबंधारे खात्याचा हिशेब माझ्या डोक्यात काही शिरत नाही.

आणि जिच्यासाठी हे सगळं मांडलं, ती आमची नात! अर्ज केला तेव्हा रांगत होती. तिला सांभाळायला माणूस हवं म्हणून आम्ही रांगेत उभे राहिलो. आता ती शाळेत जाते, स्वतःचा डबा स्वतः भरते आणि व्हिडिओ कॉलवर आजोबांना मोबाइल कसा धरायचा ते शिकवते. परवा ह्यांनी तिला विचारलं, "आम्ही कायमचे आलो की काय करायचं गं आपण?" ती म्हणाली, "आजोबा, तोपर्यंत मला लायसन्स मिळेल. मी तुम्हाला डॉक्टरकडे नेईन." हे हसले. मी हसले नाही. पोरीचा हिशेब बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी नाडी कापली आणि फ्रीज भंगारवाल्याला दिला. हे संकेतस्थळ बघत होते, त्यांना कळायच्या आत तो जिना उतरला होता. दुकानात मी सगळ्यात मोठा, दोन दारांचा निवडला. हे कुजबुजले, "अगं, दोघांना एवढा?" मी म्हटलं, "डिसेंबरात शाळेला सुट्टी लागली की ती तिघं येतात. त्यांना इकडे यायला रांग नाही." ह्यांना हे मुद्देसूद वाटलं असावं, कारण ते गप्प बसले. मग पेंटरचा नंबरही मी तिथेच उभ्याउभ्या दुकानदाराकडून घेतला.

बिल करताना दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, कंप्रेसरला दहा वर्षं गॅरंटी आहे, काही काळजी नाही." ह्यांनी खिशातून डायरी काढली, रांगेतली आमची तारीख बघितली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्याला विचारलं, "वाढवून मिळते का?"